गळाची काठी आणि एसओएम

कॅन्टिलिव्हर बीम आपण सगळ्यांनीच पाठ केला, पेपरात उतरवला आणि विसरून गेलो. मला मात्र तो दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा भेटला, तोही गळाच्या काठीच्या रूपात!

आमचं गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड. २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणापासून नाव सांगितलं की हॉस्टेलवर सगळे तेच विचारतात. पण गोदावरी आम्हाला जवळ, हे फार कुणाला ठाऊक नसतं. माझे चुलते नाना सवड मिळाली की शहागडच्या बाजूला नदीवर जातात. मरळ मासा काठच्या गवतात दडतो, म्हणून त्याच्यासाठी रबरी बेडूक लांब फेकावा लागतो. जाड काठीने फेकून फेकून नानांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी आराम सांगितला आणि काठी वळचणीला गेली. नाना काही बोलले नाहीत, पण घरात करमेनासं झालं त्यांना. शेवटी शिष्यवृत्तीतून साठवलेल्या पैशांत नवी काठी घ्यायची मी ठरवलं. पैसे एकदाच होणार होते.

दुकानदार म्हणाला, "सगळ्यात कडक घ्या, दहा किलोचा मासा निघेल." नानांना फोन केला, तर ते म्हणाले, "लेका, मासा किती मोठा ते नंतर बघू. फेकायचंय काय, ते सांग त्याला."

सगळं गणित या एका वाक्यात आहे. फेकताना आमिषाच्या वजनाने काठी वाकते आणि सरळ होताना साठलेली ऊर्जा परत देते. हलकं आमिष कडक काठीला वाकवतच नाही, मग सगळा जोर खांद्याला लावावा लागतो. जड आमिषाने हलकी काठी पार दुमडते, कधी मोडतेही. म्हणून काठीवर आमिषाचं वजन छापलेलं असतं, बहुधा औंसात, कारण अमेरिकेत बास माशासाठी अशा काठ्या फार चालतात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. आमचा बेडूक हुकासकट ३० ग्रॅम भरला. अर्धा ते दोन औंसाची काठी, म्हणजे १४ ते ५७ ग्रॅम, त्याला बरोबर बसली.

आता लांबी. टोकाचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. जाडी आणि माल तोच ठेवून ६ फुटांची काठी ८ फुटांची केली, तर तेवढ्याच वजनाला ती सुमारे २.४ पट वाकेल. लांब काठीचं टोक वेगाने फिरतं, पण ती हाताला जड लागते. मी साडेसात फुटांची, दोन तुकड्यांची घेतली. एसटीत मावते.

राहिला माल. कार्बन हलका आणि ताठ, पण दगडावर आपटला तर चिरतो. शिवाय तो वीज वाहून नेतो, शेतातल्या तारांखाली जिवाशी खेळ. काचतंतू जड, पण मार सोसतो. दोन्हींचं मिश्रण घेतलं, तरी तारांपासून लांबच राहायचं असं ठरलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूठ लांब पाहिली. दोन्ही हातांनी फेकता येतं, भार वाटला जातो.

खांदा अजून पूर्ण बरा नाही. पण नाना संध्याकाळी तासभर नदीवर असतात. पिलांचा थवा घेऊन मरळ दिसला, की बेडूक गुंडाळून दुसरीकडे सरकतात. मोठ्याला धरलं तर पिलं राखायची कुणी, असं त्यांचं म्हणणं. हे मात्र कुठल्याच काठीवर छापलेलं नसतं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी