फ्रेंच घरची पंक्ति

फ्रान्समध्यें ल्वार नदीकांठच्या तूर नगरांत एका कुटुंबांत उन्हाळ्याचा एक महिना राहण्याचा योग आला. जूनमध्यें तेथें सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो. तोंवर घरचीं लहानथोर माणसें मेजाभोंवतीं बसलेलीं असत. प्रथम हलका पदार्थ, मग मुख्य अन्न, नंतर चीज, शेवटीं मिष्टान्न, हा क्रम अढळ. पाव पालथा ठेवणें अशुभ. फ्रेंचांच्या सणासमारंभाच्या भोजनपद्धतीस युनेस्कोनें २०१० सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें आहे.

आम्हीं मौनानें जेवावयाचें. तेथें संभाषण हेंच निम्में भोजन. मी शाकाहारी, म्हणून माझें अन्न निराळें शिजे. परंतु आसन निराळें नसे. अन्न भिन्न असूनही पंक्ति अभंग! आपल्या घरीं अन्न एक, पण जेवणाच्या वेळा हल्लीं ज्याच्या त्याच्या. याचा विचार सुज्ञ वाचकांनीं करावा.