‘बाएँ मुड़’ आणि उणे एक

वार्षिक प्रदर्शनात आमच्या हाऊसने ड्रिल करणारी छोटी गाडी ठेवली होती. दिशांना आकडे दिले होते : उत्तर ०, पूर्व १, दक्षिण २, पश्चिम ३. ‘बाएँ मुड़’ म्हटले की दिशेतून १ वजा करायचा, ४ ने भागायचे आणि उरलेली बाकी ही नवी दिशा. हे मी पायथनमध्ये लिहून तपासले होते. गाडीच्या बोर्डासाठी माझ्या ज्युनिअरने तेच सी भाषेत उतरवले.

पालकांसमोर गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी होती. ‘बाएँ मुड़’चा हुकूम दिला, पण ती जागची हलेना. मी ज्युनिअरवर ओरडलो, “एक ओळ नीट उतरवता येत नाही?” त्याचे आईबाबा शेजारीच उभे होते. तो काहीच बोलला नाही.

रात्री प्रेपमध्ये दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवून पाहिले. त्याची ओळ बरोबर होती. उणे १ ला ४ ने भागल्यावर पायथन बाकी ३ देते आणि सी उणे १ देते. ओळ तीच, पण दोन भाषांत तिचा अर्थ वेगळा.

सरांना विचारले. ते म्हणाले, “‘थम’ म्हटल्यावर कोणत्या पावलावर काय करायचे हे ठरलेले असते, म्हणून शंभर कॅडेट एकदम थांबतात. भाषेतल्या प्रत्येक हुकमाचा अर्थ असा नेमका ठरवणे म्हणजे फॉर्मल सिमॅन्टिक्स.” त्यांनी मला बेंजामिन पीअर्स यांचे ‘टाइप्स अँड प्रोग्रामिंग लँग्वेजेस’ (२००२) दिले. तिसऱ्याच प्रकरणात मी अडकलो.

मग त्यांनी लॅबमध्ये ‘सॉफ्टवेअर फाउंडेशन्स’ उतरवून दिले. पीअर्स आणि सहकाऱ्यांची ही पुस्तकमाला मोफत मिळते. त्यातली उदाहरणे ‘रॉक’ या साधनात सोडवायची असतात. त्याचे जुने नाव कॉक. पहिल्या प्रकरणात आठवड्याचे वार घेऊन सुरुवात होते. मी वारांच्या जागी चार दिशा घेतल्या आणि चार वेळा ‘बाएँ मुड़’ केल्यावर मूळ दिशा परत येते, हे सिद्ध केले. ‘हे तर उघडच आहे’ असे म्हटलेले रॉकला चालत नाही. चारही दिशा तपासून दाखवाव्या लागतात. पहिल्या खंडात पुढे ‘इम्प’ नावाची लहानशी भाषा येते. ‘प्रोग्रामिंग लँग्वेज फाउंडेशन्स’ या दुसऱ्या खंडात टोनी होअर यांची १९६९ ची पद्धत आहे : हुकमाआधी काय खरे होते आणि नंतर काय खरे असेल, ते लिहून सिद्ध करायचे. माझा पहिला खंडही अजून संपलेला नाही. पण नुसते वाचून काही हाती लागत नाही, उदाहरणे सोडवावीच लागतात, एवढे कळले आहे.

पुढच्या रविवारी ज्युनिअरचा घरचा फोन आला तेव्हा मी त्याच्याकडून तो मागून घेतला. त्याच्या बाबांना सांगितले की त्याची ओळ बरोबर होती, चूक माझी होती.

आता आमच्या गाडीत १ वजा करण्याऐवजी ३ मिळवले जातात. दोन्ही भाषांत उत्तर तेच येते. ही सुधारणा ज्युनिअरनेच सुचवली.