डोक्याखालची उशी

ओम्स्कच्या कैदखान्यात बापाच्या खुनासाठी २० वर्षांची सक्तमजुरी भोगणारा एक कैदी होता. उमराव घराण्यातला, पूर्वीचा सरकारी अधिकारी. स्वभावानं उडाणटप्पू, सदा हसतमुख, केल्या गोष्टीची खंत म्हणून नाही. आपल्या खानदानात प्रकृती कशी ठणठणीत असते, हे सांगताना तो एकदा सहज बोलून गेला की, आमच्या वडिलांनी तर मरेपर्यंत कधी दुखण्याची तक्रार केली नाही.

प्रेत सापडलं होतं अंगणातल्या गटारात. अंगावर कपडे नीट घातलेले, पिकल्या केसांचं मस्तक तोडून पुन्हा धडाला लावून ठेवलेलं, आणि त्या मस्तकाखाली खुन्यानं उशी दिलेली.

फ्योदोर दोस्तोयेव्हस्कीच्या ‘मृतांच्या घराच्या आठवणी’ या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच हा मजकूर येतो. शिकवायला बसलो की मी तिथे थांबतो, कारण या पानावर हा मोठा लेखक चुकलेला आहे. निवेदकाला आधी त्या माणसावरचा आरोप पटत नाही. पण त्याच्या गावची माणसं सगळी हकिगत बारकाव्यांसह सांगतात, आणि तो झोपेत मुंडकं तोडा म्हणून ओरडलेला इतर कैदी ऐकतात. मग निवेदक निकाल देऊन मोकळा होतो: इतकी बधिरता माणसात असूच शकत नाही, ही उपजत विकृतीच असणार.

दोस्तोयेव्हस्कीला ही माणसं फार जवळून पाहायला मिळाली. २२ डिसेंबर १८४९ रोजी पीटर्सबर्गच्या सेम्योनोव्स्की मैदानात त्याला गोळ्या घालण्यासाठी उभं केलं होतं. रांगेत तो सहावा. पहिल्या तिघांना खांबांना बांधून झालं आणि मग झारची माफी वाचून दाखवली गेली. ती आधीच ठरलेली होती. नाटक तेवढं पार पाडायचं होतं. नंतर पायांत बेड्या आणि सायबेरियात ४ वर्षं. तिथे खुनी, दरोडेखोर, पळून आलेले शिपाई यांच्याबरोबर एकाच फळीवर झोपणं. साध्या कैद्यांना त्याच्यासारखे ‘बडे लोक’ डोळ्यांसमोर नको असत. इस्पितळात मात्र तो चोरून एक वही लिहीत असे. सिद्धान्त वगैरे काही नाही. कैद्यांच्या तोंडच्या म्हणी, शिव्या, टोमणे, जसेच्या तसे.

त्या मुक्कामातली त्याची निरीक्षणं आजही चपापायला लावतात. कैदी महिनोन्महिने कोपेक कोपेक साठवतो आणि एका दिवसात दारूत, गाण्या-बजावण्यात उडवून टाकतो. बाहेरच्याला तो मूर्खपणा वाटतो. दोस्तोयेव्हस्कीला त्यात दिसतं ते असं की, त्या एका दिवसापुरता तो आपल्या मर्जीचा मालक असतो, आणि तेवढ्यासाठी फटके खायचीही त्याची तयारी असते. कामाचंही तसंच. कष्टानं माणूस मोडत नाही. पण या पिंपातलं पाणी त्या पिंपात आणि त्या पिंपातलं पुन्हा यात, असं रोज करायला लावलं, तर चार दिवसांत तो गळफास लावून घेईल, असं त्याचं म्हणणं.

इतकं पाहणारा माणूस, आणि शेजारच्या कैद्याबद्दल चुकला. पुस्तक मासिकात क्रमशः छापून येत असतानाच सायबेरियातून खबर आली: खरे गुन्हेगार सापडले, त्यांनी कबुलीही दिली, आणि हा निष्पाप माणूस १० वर्षं फुकट सजा भोगत होता. दोस्तोयेव्हस्कीनं पहिलं पान बदललं नाही. दुसऱ्या भागात, एका प्रकरणाच्या तोंडाशी, प्रकाशकाच्या नावानं खुलासा तेवढा घातला. चूक आणि दुरुस्ती दोन्ही त्या पुस्तकात आजही शाबूत आहेत.

पण तो कैदी त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्याचं खरं आडनाव इल्यिन्स्की. १८७४ च्या टिपणांत या नावानिशी एका नाटकाचा आराखडा आहे: दोन भाऊ, खून एकाचा, शिक्षा दुसऱ्याला. १८७९-८० मध्ये त्यातूनच ‘कारामाझोव्ह बंधू’मधला दमित्री, म्हणजे मित्या, उभा राहिला. उधळ्या, तापट, बापाला मारीन असं चारचौघांत बरळणारा. खुनाच्या रात्री हातांना रक्त, मुठीत नोटांचा जुडगा. खटल्यात सरकारी वकील त्याच्या मनाचा असा काही उलगडा करतो की वाचणाराही क्षणभर मान डोलावतो. उलगडा सुरेख आहे आणि साफ खोटा आहे. बचावाचा वकील तेच मानसशास्त्र उलटं फिरवून दाखवतो खरा, पण अशील निर्दोष आहे असं त्यालाही मनातून वाटत असेल, असं दिसत नाही. दोस्तोयेव्हस्कीला लोक मानसशास्त्रज्ञ म्हणत आणि तो वहीत लिहून ठेवी की मी तसला कोणी नाही. या खटल्यानंतर त्यातली चीड कळते.

गंमत अशी की पुढे खुद्द लेखकावरच असा खटला चालला. १९२८ मध्ये सिग्मंड फ्रॉइडनं त्याच्या फेफऱ्याचा संबंध बापाच्या मरणाशी आणि मनात दडलेल्या पितृहत्येच्या इच्छेशी जोडला. वडील वारले १८३९ मध्ये. लष्करी डॉक्टरांच्या दाखल्यात मात्र पहिला झटका १८५० चा, म्हणजे कैदेतला आहे. मला त्या निबंधात त्या सरकारी वकिलाचाच आवाज ऐकू येतो.

कादंबरीत खटल्याच्याही आधी एक रात्र आहे. मोक्रोये गावच्या खाणावळीत मित्याची तासन् तास चौकशी होते. कपडे उतरवून झडती घेतात, मोजेसुद्धा काढायला लावतात. शेवटी थकून तो तिथल्याच एका पेटीवर आडवा होतो. स्वप्नात त्याला जळकं गाव दिसतं, थंडीनं काकडून रडणारं तान्हं मूल दिसतं. जाग येते तेव्हा डोक्याखाली उशी असते. झोपताना नव्हती. कोणी दिली म्हणून तो रडवेल्या आवाजात विचारतो, जणू केवढा उपकार झालाय. कोणीच पुढे येत नाही. पंचांपैकी एखादा शेतकरी असेल, नाहीतर कारकून. मित्या उठून टेबलापाशी जातो आणि म्हणतो, सांगाल तिथे सही करतो.