पुसण्याआधी वाच

माझ्या निदानावर आज गिऱ्हाईक विश्वास ठेवतं, त्याचं श्रेय दोंडाईच्याच्या एका मिस्तरींचं आहे. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, मीही तेच म्हणतो. बाहेरच्यांना दोंडाईचा माहीत असतं ते मिरचीच्या बाजारामुळे, नाहीतर सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन म्हणून. मला ते नानांच्या गॅरेजमुळे माहीत आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर चालता चालता शिकतो, शिकलेलं जपून ठेवतो आणि ते आपल्याला वाचता येतं, हे मला त्या पत्र्याच्या शेडमध्ये उमगलं.

नाना कार्ब्युरेटरच्या काळात तयार झालेले. प्लग काढून उजेडात धरायचे. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट पडला असेल तर हवा जास्त, फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. मग मिक्श्चरचा स्क्रू जरासा इकडे, जरासा तिकडे. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि तो स्क्रूच गेला. त्यांच्या वयाच्या कितीतरी मिस्तरींनी त्या गाड्यांना हात लावणं सोडलं. नानांनी पतपेढीचं कर्ज काढून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर घेतला. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, म्हणून तो माझ्या हाती आला. मी आकडा वाचायचो आणि ते विचारायचे, "हाऊ आकडा काय सांगस, भाऊ?" त्या एका प्रश्नापायी मी पुस्तकं धुंडाळली.

शुद्ध पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच प्रमाणाच्या आसपास नीट काम करतं. प्रमाण साधलं की नाही हे कॉम्प्युटरला कळतं सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरवरून. १९७६ मध्ये बॉशने तो व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आणला. साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.४५ च्या वर गेलं तर पेट्रोल जास्त झालं, खाली आलं तर कमी पडलं. कॉम्प्युटर त्यानुसार इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ किंचित वाढवतो, किंचित घटवतो. ही तात्पुरती दुरुस्ती. ती टक्क्यांत दिसते आणि सतत खालीवर होत राहते.

ती बराच वेळ एकाच बाजूला झुकलेली राहिली, तर कॉम्प्युटर ती कायमच्या खात्यात टाकतो. तात्पुरता आकडा पुन्हा शून्याजवळ येतो आणि दीर्घकाळची दुरुस्ती तेवढी सरकते. बऱ्याच गाड्यांत हे खातं एकच नसतं. आयडलिंगला वेगळं, मध्यम वेगाला वेगळं, चढावर भार पडल्यावर वेगळं, असे त्याचे कप्पे असतात. सकाळी इंजिन थंड असतं, सेन्सर तापलेला नसतो, तेव्हाही कित्येक गाड्या या साठवलेल्या आकड्यांच्या आधारावर पेट्रोल देतात. काही गाड्यांत ही आठवण बॅटरीच्या जिवावर टिकते, काहींत ती बॅटरी काढली तरी पुसली जात नाही.

याचं मोल मला एका गाडीने पटवलं. शहाद्याकडून आलेली. आयडलिंगला थरथर, ॲव्हरेज उतरलेलं, इंजिनाचा दिवा लागलेला. आधी एका ठिकाणी बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली होती. गाडी चार दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. मालक म्हणाला, तसंच करून द्या. नाना म्हणाले, "पुसू नको. आधी वाच."

मी वाचलं. उभ्या गाडीत दीर्घकाळची दुरुस्ती अधिक २० टक्क्यांच्या पुढे. रेस देऊन अडीच हजार फेऱ्यांवर धरली, तर आकडा ५ च्या आत. नाना लगेच म्हणाले, हवा पकडतेय. त्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ होता. त्याच्या पुढे कुठे चीर पडली तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा घेतं, म्हणून ती चोरटी हवा फार मोठी ठरते. रेस दिली की एकूण हवेत तिचा वाटा किरकोळ होतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाड्यांत हे गणित असं लागू पडत नाही, हेही नानांनी मला तेव्हाच बजावलं. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीला वाकणावर चीर सापडली. नळी बदलली, आणि पुढच्या काही दिवसांत आकडा आपणहून खाली आला.

आकडे उलटे आले असते, उभ्या गाडीत ठीक आणि भाराखाली चढते, तर नाना पेट्रोलचा पंप, फिल्टर, हवेचा सेन्सर तपासायला लागले असते. सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भोक असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन कॉम्प्युटरच फसतो आणि विनाकारण पेट्रोल वाढवतो, हेही त्यांनी दाखवलं. प्लगचा रंग वाचणारा माणूस टक्के वाचायला लागला होता. त्यांच्या लेखी काम तेच होतं.

मी शिकत होतो तेव्हा माझ्या हातून काम थोडं व्हायचं. नानांनी एकदाही पगार कापला नाही. राहिलेलं काम ते संध्याकाळी स्वतः उरकायचे आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. मला ते दिसलंच नाही, कारण गॅरेज नीट चाललं होतं. पुढे माझं स्वतःचं गॅरेज झालं, शिकाऊ पोरांचा हिशेब मांडायला बसलो, तेव्हा ती उणीव कोणी भरून काढली होती ते कळलं. नानांकडे विषय काढला तर ते म्हणाले, "तू इंग्रजी वाचत व्हता ना!" आणि दुसरं काहीतरी बोलू लागले.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. प्रमाण सुमारे १३.५ वर येतं. दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळलेल्या गाडीत त्यामुळे दुरुस्ती साधारण चार टक्क्यांनी चढणं स्वाभाविक आहे, तो बिघाड नाही. पण एखाद्या गाडीचा आकडा आधीच पंधरावर असेल, तर तेवढ्यानेही ती दुरुस्तीच्या मर्यादेला टेकू शकते आणि इंजिनाचा दिवा लागू शकतो. दोष इंधनाचा की जुन्या चिरेचा, हे आधीची नोंद असल्याशिवाय सांगता येत नाही.

नाना तशी नोंद ठेवायचे. वहीत गाडीचा नंबर, उभ्या गाडीतला आकडा, रेसवरचा आकडा. माझ्या जॉबकार्डवर तेच दोन रकाने छापलेले आहेत, आणि ते भरल्याशिवाय कोणी बॅटरीला हात लावत नाही. खानदेशातल्या प्रत्येक गॅरेजात ते दोन रकाने असावेत, असं मला मनापासून वाटतं. नानांचं माझ्यावरचं ऋण फिटणारं नाही. पण त्यांची रीत चार गॅरेजांत रुजली, तर ते वाया गेलं नाही एवढं तरी मला म्हणता येईल.