यूथ, लॅड आणि ज्युव्हेनाइल

'जुळे सोलापूर' हे नाव ज्याने प्रथम उच्चारले, त्याला वयाच्या गणिताची फारशी पर्वा नसावी. जुळी म्हटली की दोन्ही भावंडे एका वयाची हवीत. येथे एक भावंड सिद्धेश्वरांच्या तलावाकाठी शतकानुशतके नांदत आलेले, आणि दुसरे विजापूर रस्त्याच्या अंगाला गेल्या काही दशकांत प्लॉट पाडून वसलेले. तरी हे नाव कोणास खटकत नाही. खटकू नये हेच योग्य. कारण वयाचे म्हणून जे शब्द आपण वापरतो ते पुष्कळदा वय सांगतच नाहीत, नाते सांगतात. कोण कोणाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, एवढेच त्यांतून कळते. तारुण्याचे दर्शक असे जे नित्याचे इंग्रजी शब्द आपल्या घरांतून व शाळांतून वावरत असतात, त्यांच्याविषयी आज चार शब्द लिहावे असे आमच्या मनात आहे, ते याच कारणासाठी.

आमचे विद्यार्थी 'यूथ', 'यंग मॅन', 'लॅड', 'यंग्स्टर' हे सारे शब्द एकाच गोणीत भरतात व तोंडावर 'तरुण' अशी चिठ्ठी चिकटवितात. त्यांच्या हाती असलेली लहान शब्दपुस्तकेही त्यांस याहून अधिक काही सांगत नाहीत. परंतु ज्यांची ती भाषा आहे ते लोक हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे कधी वापरीत नाहीत. पहिला 'यूथ' हाच शब्द घ्या. याला अर्थ तीन. एक, तारुण्य ही अवस्था. दुसरा, देशातील सारी तरुण मंडळी. आणि तिसरा, कोणी एक तरुण मुलगा. पहिल्या अर्थी हा शब्द कवींचा लाडका, दुसऱ्या अर्थी वक्त्यांचा. तिसऱ्या अर्थी मात्र त्याचा तोरा उतरतो. इंग्रजी वर्तमानपत्रात 'एक यूथ' किंवा 'काही यूथ्स' असे आले, की जाणता वाचक पुढच्या ओळीत फुटलेली काच, मारामारी किंवा पोलीस यांची अपेक्षा करू लागतो. त्याच वयाच्या मुलांनी पूरग्रस्तांना मदत केली तर तेच वर्तमानपत्र त्यांस 'यंग पीपल' म्हणेल. आमचा विद्यार्थी निबंधात भारताच्या 'यूथ्स'नी पुढे यावे असे मोठ्या उमेदीने लिहितो, तेव्हा आपण देशाच्या आशास्थानांऐवजी चौकातले टोळके बोलावीत आहो, हे त्या बिचाऱ्यास ठाऊक नसते. शिवाय 'एक यूथ' म्हणजे मुलगाच, मुलगी नव्हे. आमच्या तरुणास तरुणी आणि युवकास युवती आहे. इंग्रजांच्या या शब्दास जोडीदारीण नाही.

गंमत अशी की देवनागरीत लिहिला म्हणजे हा शब्द संस्कृतातल्या 'यूथ' या शब्दाहून वेगळा ओळखू येत नाही. आणि संस्कृतात यूथ म्हणजे कळप. हत्तींच्या कळपाचा नायक तो यूथपती. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोहोंचा काही संबंध नाही, हे सांगणे नको. तथापि निवडणुकीच्या दिवसांत रस्त्यारस्त्यावर 'युवा नेतृत्व' म्हणून झळकणारे फलक पाहिले, त्यांवरील मुख्य चेहऱ्याचे पिकू लागलेले कल्ले आणि खाली शुभेच्छुक म्हणून ओळीने मांडलेली लहान लहान मुखे पाहिली, म्हणजे यूथपती हा शब्द मनात आल्यावाचून राहत नाही.

'यंग मॅन' हा शब्द यापेक्षा सभ्य. शिफारसपत्रात तो शोभतो. पण तोच संबोधन म्हणून तोंडावर आला की त्यात दटावणी असते. आपल्याकडे मास्तर ज्या स्वरात 'काय हो शहाणे' म्हणतात, तोच तो स्वर. 'लॅड' मध्ये माया आहे व थोडी घसटही आहे. चाळिशी उलटलेले इंग्रज गृहस्थसुद्धा आपल्या मित्रमेळ्यास 'लॅड्स' म्हणतात. मध्ययुगात मात्र याच शब्दाचा अर्थ हलक्या दर्जाचा सेवक असा होता. मराठीतला 'गडी' असाच आहे: खेळातला सोबती तोही गडी, भरदार पुरुष तोही गडी, आणि घरकामाला ठेवलेला नोकर तोही गडीच. 'बॉय' ची कथा याहून कडू आहे. साहेबाच्या बंगल्यावर साठीचा खानसामासुद्धा 'बॉय' च असे. आपण साहेबास नावे ठेवतो. पण आपल्या चहाच्या दुकानातला 'पोऱ्या' कधी मोठा होतो काय? कपबशा विसळता विसळता त्याला मिसरूड फुटते, त्याचे लग्नही होते, आणि तरी गिऱ्हाईक त्याला 'ए पोऱ्या' अशीच हाक मारते. ज्याच्याकडून काम करून घ्यावयाचे पण ज्याला मान द्यावयाचा नाही, त्याला वाढू न देणे ही युक्ती सर्वच भाषांना साधलेली दिसते.

'टीनएजर' हा या कुळातला सर्वांत धाकटा. अमेरिकेत तो १९४० नंतरच्या दशकात रूढ झाला. त्याचा जन्म शरीरशास्त्रातून झाला नाही, मानसशास्त्रातूनही नाही. तो झाला इंग्रजी अंकांच्या उच्चारांतून. थर्टीनपासून नाइन्टीनपर्यंत ज्या संख्यांच्या शेवटी 'टीन' येते, त्या सात वर्षांत असणारा तो टीनएजर. मराठीत असा शब्द घडलाच नसता. कारण आमचे अंक वेगळ्या ठिकाणी वळण घेतात. अकरा, बारा, तेरा येथपासून अठरापर्यंत सारे आकारान्त चालतात, आणि एकोणीस येताच सूर बदलतो. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. इंग्रजाचा एकोणीस वर्षांचा मुलगा मागच्या दहाकडे पाहत उभा असतो; आमचा मुलगा पुढच्या विसाकडे. अंकांच्या या लहरीवर केवढी बाजारपेठ, केवढे वाङ्मय आणि आईबापांच्या केवढ्या चिंता उभ्या राहिल्या आहेत, हे पाहिले म्हणजे शब्दाच्या सामर्थ्याचे नवल वाटते.

पंडितांचा शब्द 'अडोलेसंट'. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली या अवस्थेवर दोन जाडे खंड प्रसिद्ध केले, तेव्हापासून शिक्षणशास्त्रात हा शब्द मानाने मिरवू लागला. लॅटिनमधील वाढणे या क्रियापदापासून तो निघाला, आणि त्याच क्रियापदापासून 'अडल्ट' ही निघाला. एक वाढत असलेला, दुसरा वाढून झालेला. एकाच धातूची दोन रूपे. बाप आणि मुलगा यांच्यांत स्वभावाचा नव्हे तर काळाचा भेद आहे, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणत्याही शब्दांनी सांगितलेले नाही. आम्ही त्यासाठी 'पौगंड' हा शब्द उचलला. परंतु जुन्या संस्कृत वयोविभागाप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्या-सोळाव्यापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. म्हणजे आमच्या पाठ्यपुस्तकांतील पौगंड मुलगा परंपरेच्या हिशेबाने किशोर आहे, आणि पौगंडावस्था तो केव्हाच ओलांडून आला आहे. किशोर हा शब्द जवळ होता, गोडही होता. पण शास्त्राला गोड शब्द मानवत नाहीत, असा काहीसा समज आपल्याकडे आहे.

या शब्दांचे दैवही पाहण्यासारखे. जुन्या इंग्रजीत मुलगा या अर्थाचे दोन शब्द होते. त्यांतील एक राजाच्या पदरी गेला व 'नाइट', म्हणजे सरदार, झाला. दुसरा 'नेव्ह' म्हणून चाकरीत राहिला व शेवटी लुच्चा ठरला. दोघांनीही केले काही नाही. ज्यांच्या संगतीत पडले त्यांच्यासारखे झाले. 'यंग', 'ज्युव्हेनाइल', 'जवान' आणि 'युवक' हे चौघे तर एकाच प्राचीन मूळाचे वंशज. पहिला जर्मानिक घराण्यातून इंग्रजीत आला, दुसरा लॅटिनातून, तिसरा फारसीच्या वाटेने आमच्यात आला आणि चौथा संस्कृताच्या. आज या चौघांची स्थिती काय? जवान सीमेवर उभा आहे, युवक व्यासपीठावर उभा आहे, आणि ज्युव्हेनाइल न्यायासनासमोर उभा आहे. सख्खी भावंडे, पण कोणाच्या वाट्याला सलामी आली, कोणाच्या हार, आणि कोणाच्या जबानी.

येथवरचे विवेचन कोणास केवळ शब्दांची करमणूक वाटेल. तसे ते नाही. ज्या सोलापुरात १८७७ साली जुनी गिरण सुरू झाली, त्या गावाने तरी तसे म्हणू नये. 'चाइल्ड' या शब्दाची व्याख्या हा येथे एके काळी दिवसाच्या तासांचा प्रश्न होता. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलास 'चाइल्ड' म्हटले व त्याच्याकडून रोज नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये असे ठरविले. म्हणजे ज्याने बारा वर्षे पुरी केली तो भाषेच्या दृष्टीने मोठा झाला, आणि त्याच्या तासांना मर्यादा उरली नाही. १८९१ साली ही व्याख्या नऊ ते चौदा अशी झाली व तास सातांवर आले. १९२२ साली बारा ते पंधरा झाली व तास सहांवर आले. पुढे १९३४ च्या कायद्याने 'अडोलेसंट' हा शब्द कारखान्यात आणला, आणि १९४८ च्या कायद्याने पंधरा ते अठरा ही त्याची सीमा ठरविली. स्टॅन्ली हॉलने ज्याचा मनोव्यापार सांगितला तोच हा मुलगा. कायद्याने त्याचा घाम मोजला. एका शब्दाची सीमा दोन वर्षांनी पुढे सरकली की कोणा घरचा मुलगा संध्याकाळी उजेड असता घरी येई. शब्दार्थाचा याहून मोठा पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

आजही कायद्याच्या पोटात हे शब्द एकमेकांशी भांडत असतात. १९८९ पासून अठरा वर्षांचा मुलगा मतदार आहे. परंतु २००६ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यान्वये एकवीस पुरी होईपर्यंत तोच मुलगा 'बालक' आहे. राज्य कोणी चालवावे हे त्याने ठरवावे, संसार मात्र मांडू नये! २००० सालच्या बालन्याय कायद्यात अपराधी मुलास 'ज्युव्हेनाइल' म्हटले होते. त्या शब्दाला वास येऊ लागला, म्हणून २०१५ च्या कायद्याने त्याला 'चाइल्ड' केले. मराठीत त्याचे 'विधिसंघर्षग्रस्त बालक' झाले. हेतू स्तुत्य, परंतु शब्द असा की तो वाचणाऱ्याच्या जिभेवर ठरत नाही व ज्याला लावला त्याच्या आईस कळत नाही. आणि त्याच कायद्याने सोळा ते अठरा या वयातील बालकास घोर अपराधाच्या प्रसंगी प्रौढाप्रमाणे चालविता येईल अशीही तजवीज ठेवली आहे. नाव बालकाचे, न्याय प्रौढाचा, असा हा योग आहे.

पण कायद्यापेक्षा आम्हांस भय वाटते ते आपल्या घरातील व वर्तमानपत्रातील शब्दांचे. बंगल्यातल्या मुलाने भरधाव गाडी हाकून अपघात केला तर ते 'मुलाचे वय' असते; झोपडीतल्या मुलाने सायकल पळविली तर तो 'तरुण' असतो, आणि बरोबर आणखी दोघे असले तर 'टोळके'. दोघांचे वय सतराच. आमच्या गावी मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू व उर्दू नांदतात. कन्नड आई ज्याला 'हुडुग' म्हणते, तेलुगू आजी ज्याला 'कुर्राडु' म्हणते, तो घराबाहेर पडला की त्याला कोणता शब्द चिकटेल हे त्याच्या वयावर नव्हे, त्याच्या अंगावरच्या सदऱ्यावर अवलंबून राहते. इंग्रजी वर्तमानपत्रातील 'यूथ्स' आणि 'स्टुडंट्स' यांतला भेद नेमका हाच आहे. आणि तो आपण न शिकविता शिकलो.

जानेवारीची १२ तारीख देशभर 'राष्ट्रीय युवा दिन' म्हणून पाळली जाते. विवेकानंदांचा जन्म १८६३ साली त्या दिवशी झाला, म्हणून १९८४ साली सरकारने तसे ठरविले. सोलापुरास ही तारीख त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर येथे क्षोभ उसळला, लष्करी कायदा पुकारला गेला. आणि पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेन विशीतले, तर धनशेट्टी तिशी ओलांडलेले. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने युवकाचे वय पंधरा ते एकोणतीस असे ठरविले आहे. त्या मापाने धनशेट्टी युवक ठरत नाहीत. २००३ च्या धोरणात हीच मर्यादा तेरा ते पस्तीस होती. त्या मापाने ते ठरतात! गड्ड्याच्या यात्रेची गर्दी लोटत असते त्याच सुमारास चौकातल्या त्या चार पुतळ्यांना हार पडतात, आणि हार घालणारा कोणीही त्यांची वये विचारीत नाही. ज्या सरकारने त्यांस फासावर चढविले त्याच्या दप्तरी ते आरोपी होते. गावाने त्यांस हुतात्मे म्हटले. माणसे तीच होती.

तेव्हा विद्यार्थ्याने या शब्दांचे अर्थ जरूर पाठ करावे. 'यूथ्स' लिहिण्यापूर्वी थांबावे, 'लॅड' कोठे शोभतो ते पाहावे. त्याच्या वडीलमाणसांना मात्र आमचे सांगणे थोडे निराळे आहे. कोणा मुलास नाव देण्यापूर्वी, आपण त्याच्याकडून काय मागत आहो, मत, मेहनत, शौर्य की जबानी, हे एकदा स्वतःस विचारावे. आणि शेजारच्या मुलास जो शब्द लावावयाचा तो आपल्या मुलास लावून पाहावा. आपल्या मुलास तो सोसला नाही, तर दुसऱ्याच्या मुलासाठीही दुसरा शब्द शोधावा. मराठीत असे शब्द पुष्कळ आहेत.