टटवायलरला गाडी उशिरा आली

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वुडलॉन नावाची चारशे एकरांची दफनभूमी आहे. ड्यूक एलिंग्टन, माइल्स डेव्हिस, किंग ऑलिव्हर... जॅझची अख्खी मैफलच तिथे विसावली आहे. त्याच मातीत विल्यम ख्रिस्तोफर हँडीही आहे. १९५८ च्या मार्चमध्ये तो गेला, तेव्हा हार्लेमच्या रस्त्यांवर दीड लाख माणसं लोटली होती म्हणतात. लोक त्याला ‘ब्लूजचा जनक’ म्हणत. आत्मचरित्रालाही त्याने तेच नाव दिलं. मला हे बिरुद जरा जास्तच वाटतं. कापसाच्या शेतांत आणि रेल्वेच्या रुळांवर राबणाऱ्या काळ्या माणसांच्या गळ्यात जे आधीपासून होतं, त्याला एकच बाप कसा असेल?

त्याचा जन्म १८७३ चा, अलाबामातल्या फ्लॉरेन्सचा. वडील पाद्री. पोराने रानमेवा वेचून, साबण करून विकून पै पै साठवली आणि गिटार आणली. वडिलांच्या लेखी ते सैतानाचं वाद्य! गिटार दुकानात परत गेली आणि तिच्या बदल्यात वेबस्टरचा जाडजूड शब्दकोश घरात आला. मुलगा मात्र बधला नाही; चोरून कॉर्नेट शिकला. पुढे सेंट लुइसला मिसिसिपीच्या काठावर, दगडी फरसबंदीवर पडून त्याने उपाशीपोटी रात्री काढल्या. मग फिरत्या कंपनीच्या बँडचा मास्तर झाला. चांगला शिकलेला, नोटेशन घडाघडा वाचणारा मास्तर.

खरी गोष्ट त्यानंतरची. १९०३ च्या सुमाराची रात्र, मिसिसिपीतलं टटवायलर स्टेशन. गाडीला तासन्‌तास उशीर, हँडीचा डोळा लागलेला. जाग आली तर शेजारी एक किडकिडीत काळा माणूस गिटार छेडत बसलेला. अंगावर चिंध्या, बुटांतून पाय डोकावताहेत. तारांवर तो सुरीचं पातं दाबून फिरवत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाबद्दलची एकच ओळ तीनतीनदा आळवत होता. इतकं विलक्षण संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं हँडीने पुढे लिहून ठेवलं. त्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याची कबर कुठे असेल, हा तर प्रश्नच नको.

हँडीने ऐकलं आणि कागदावर उतरवलं. मेम्फिसमध्ये १९०९ च्या महापौर निवडणुकीत क्रंप नावाच्या उमेदवारासाठी बांधलेली चाल १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’ म्हणून छापली गेली. तिचे हक्क त्याने पन्नास डॉलरना विकले. धंदा दुसऱ्याचा झाला. हक्क परत हाती यायला १९४० उजाडलं. तो मात्र लवकरच शहाणा झाला होता: १९१४ चं ‘सेंट लुइस ब्लूज’ त्याने स्वतःच्याच कंपनीतून काढलं आणि त्या एका गाण्याने त्याला जन्मभर पोसलं.

जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने १९३८ साली हँडीवर जाहीर तोफ डागली. याने नवं काही केलंच नाही, असा त्याचा सूर. रागात थोडं तथ्य होतंच. पण लोकांची चाल उचलून मूळ गाणाऱ्याचा उल्लेखही न करणारे संगीतकार थोडे नाहीत. टटवायलरचा तो फाटका माणूस आज आपल्याला माहीत आहे, तो फक्त हँडीने सांगितला म्हणून. एवढा प्रामाणिकपणा मला जनकपदाहून मोठा वाटतो.

ही गाणी कागदावर उतरवताना हँडीची खरी अडचण स्वरांची होती. ब्लूज गाणारे लोक गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्येच कुठेतरी लावत, निषादाचंही तेच. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये त्याला जागाच नाही. हँडीने तिथे कोमल स्वर लिहिले आणि उरलेलं गाणाऱ्यावर सोपवलं.

हे उरलेलं ऐकायचं असेल तर ब्लूज गायिका बेसी स्मिथने १९२५ च्या जानेवारीत ध्वनिमुद्रित केलेलं ‘सेंट लुइस ब्लूज’ ऐका. कॉर्नेटवर तरुण लुई आर्मस्ट्राँग आहे. साथीला पियानो नाही, फ्रेड लाँगशॉची पेटी आहे. हो, हार्मोनियमच! पेटीच्या पट्ट्यांत नसलेला गंधार बेसी पेटीच्या साथीनेच लावते.