मुरुमावरची उडी

शहर जिथं संपतं (म्हणजे या महिन्यापुरतं संपतं!) तिथल्या एका माळावर, एका छोट्या बगीच्या मागं धावताना...

रविवार. सकाळचे साडेसहा. आयटीतली निम्मी जनता पांघरुणात आहे. उरलेली निम्मी सिंहगड चढतेय, वर जाऊन पिठलं-भाकरी हाणायची आणि उतरायचं. आम्ही चौघं मात्र सूस गाव ओलांडून नांद्याच्या रस्त्याला लागलोय. डिकीत थर्मास, खारी, टूलकिट आणि एका खोक्यात नीट गुंडाळून ठेवलेली बगी. रिमोटवरची. वन-टेन्थ स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश.

हसा, हसा. घरचेही हसतात. ‘तिशी उलटली, लग्नाचं बघा, आणि हा खेळण्याशी खेळतोय.’ पण एकदा या माळावर येऊन बघा, बॉस.

सूस आणि म्हाळुंगे ही गावं २०२१ साली पुणे महापालिकेत आली. तसं पाहिलं तर शहर त्याआधीच इथं पोचलं होतं. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी शेतात ज्वारी आणि मध्येच हा आमचा प्लॉट. साधारण दोन क्रिकेट ग्राउंड मावतील एवढा. गवत नाही, झाड म्हणावं तर एक बाभूळ. बाकी सगळा मुरूम.

मुरूम म्हणजे काय, हे मला या नादाला लागेपर्यंत माहीत नव्हतं. आपल्या दख्खनचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो ऊनपावसानं कुजत, सुटत जातो आणि त्याचा हा लालसर-पिवळा भुगा होतो. खाली टणक थर, वर सुटे खडे. चालताना बूट सटकतो तो त्यामुळंच. पाऊस पडून गेला तरी पाणी पटकन जिरतं. शेजारच्या काळ्या मातीत चिखलाचे गोळे चाकांना चिकटत असतात, तेव्हा इथं आमची गाडी मजेत पळते.

पळते म्हणजे, आता पळते. पहिले दोन महिने ती नुसती उडत होती.

‘शॉकअप गेलंय हिचं’

माझी बगी आहे तामियाची ‘ग्रासहॉपर’. जपानमधल्या शिझुओका शहरातली ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायानं सुरू झाली, पुढं मॉडेल्सकडं वळली. रिमोटवरची पहिली कार त्यांनी १९७६ मध्ये काढली आणि ग्रासहॉपर आली १९८४ मध्ये. २००५ साली ती पुन्हा बाजारात आणली गेली. किट मिळतं, गाडी आपणच जोडायची. नवख्या माणसाला जमावं म्हणून सगळं साधं ठेवलेलं. पुढच्या चाकांना सुट्टे आर्म, मागची दोन्ही चाकं मात्र गिअरबॉक्ससकट एकत्र वर-खाली होतात. चारही कोपऱ्यांत स्प्रिंग आहे, पण तेलाचे डॅम्पर नाहीत. सपाट मैदानावर याचं काही अडत नाही. अडतं ते माझ्यासारख्या शहाण्यानं तिला खड्ड्यात घातल्यावर.

हिशोब सोपा आहे. वाटेत तीन सेंटिमीटरचा खडा आला, तर बगीच्या मापानं तो एक फुटाचा धोंडा झाला. असे हजार धोंडे पसरलेत. त्यात पाण्याच्या टँकरांनी पाडलेल्या लाटा. गाडी पहिल्या लाटेवर उडायची, दुसरीवर आणखी उंच आणि तिसरीला सरळ उताणी. मी आपला पळत जाऊन सरळ करतोय, परत येतोय, पुन्हा तेच. आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, ‘‘मोटर बदल, पॉवर कमी पडतेय.’’ मी जवळजवळ मोटर मागवलीच होती.

प्लॉटवर एक वॉचमनकाका असतात. मूळचे परभणीकडचे. लोखंडी खाटेवर बसून ते आमचा तमाशा बघायचे. एकदा उठून आले.

‘‘साहेब, शॉकअप गेलंय हिचं.’’

‘‘नवी गाडी आहे हो काका.’’

‘‘मग बसवलंच नसंल. माझी फटफटी अशीच उडायची. म्येकॅनिकनं तेल बदललं, गप बसली.’’

गाडी त्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर धरली आणि सोडून दिली. ती चार वेळा उसळली. ‘‘बघा,’’ म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले.

सॉल्लिड! परदेशातल्या रेसिंगवाल्यांचे व्हिडिओ बघून मला जे कळलं नव्हतं, ते काकांनी दोन सेकंदांत दाखवलं. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का ती परत देते. मागचा हिशोब मिटायच्या आत पुढची लाट येते. मध्ये कुणीतरी तो धक्का जिरवायला हवा. ते काम तेलाचं.

एक रात्र, चार क्लिपा

मग मागच्या दोन कोपऱ्यांसाठी तेलाचे डॅम्पर आणले. खर्च? टीमच्या पार्टीत आपल्या वाट्याला येतो तेवढाच. आणताना एकच गोष्ट बघायची: जुन्या डॅम्परच्या या भोकापासून त्या भोकापर्यंतची लांबी. नवा लांब निघाला तर मागची बाजू उचललेली राहते, आखूड निघाला तर पोट जमिनीला घासतं.

डॅम्पर म्हणजे एक नळी, तिच्यात तेल आणि त्या तेलात वर-खाली होणारा भोकं पाडलेला पिस्टन. पिस्टन सरकायचा तर तेलाला त्या बारीक भोकांतून जावं लागतं. तिथं धक्क्याची ताकद खर्च होते. भोकं कमी किंवा तेल घट्ट, तर हालचाल संथ. तेलावर नंबर असतो, जितका मोठा तितकं घट्ट. मी चारशेपासून सुरुवात केली.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पिस्टन अडकवायच्या ई-क्लिपा तिळाएवढ्या असतात आणि चिमट्यातून सुटल्या की थेट सोफ्याखाली. माझ्या दोन गेल्या. (बरोबर चार होत्या, म्हणून वाचलो.) तेल काठोकाठ भरून दांडा हळूहळू वर-खाली करायचा, बुडबुडे वर येतात. मग नळी उभी ठेवून थांबायचं. मी थांबलो नाही. घाईनं टोपण लावलं आणि सकाळी माळावर डॅम्पर ‘फस्‌फस्’ करायला लागले. आत हवा राहिली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडले, भरले, अर्धा तास टेबलावर ठेवून चहा प्यायलो. ऑफिसातही कुणी मला अर्धा तास गप्प बसवू शकलेलं नाही!

त्या रविवारी काकांनीच गाडी उचलली, सोडली. ती खाली आली, मागची बाजू दबली, परत वर आली आणि थांबली. बस्स. एकदाही उसळली नाही.

लाटांवरून ती आता चाकं जमिनीला टेकवून जाते. पुढं अजून नुसत्या स्प्रिंगा आहेत, त्यामुळं नाक थोडं नाचतं. मग उडी मारताना शिकलो: हवेत असताना थ्रॉटल दिला की नाक वर येतं, ब्रेक मारला की खाली जातं. मोटर तीच आहे, जुनी.

मे महिन्यातली सुट्टी

एप्रिलमध्ये उन्हानं तेल पातळ होतं, म्हणून मी जरा घट्ट भरलं होतं. ते वापरायची वेळच आली नाही. आमच्या उडीच्या पलीकडं, बरोबर गाडी उतरते तिथं टिटवीनं चार अंडी घातली. घरटं कसलं, मुरुमातला नुसता खळगा. अंडीही मुरुमाच्याच रंगाची. आम्ही जवळ गेलो की टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून जो कल्ला करत! काकांनी भोवती चार मोठे दगड मांडले. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, म्हणाले. पिल्लं बाहेर यायला साधारण चार आठवडे लागतात. तेवढे रविवार आम्ही लांबून चहा पिऊन परत आलो. कुणी कुरकुरलं नाही.

तेव्हाच ठरवलं की वेताळ टेकडीवर गाडी न्यायची नाही. उतार मस्त आहेत, घरापासून जवळही आहे. पण तिथं आजोबा चालतात, मोर फिरतात आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आपल्याला दिसतातच असं नाही.

दिवाळीनंतर माळाभोवती पत्रे लागले. पुणेकराला पुढचं सांगायला नको. मागच्या रविवारी पोकलेन येऊन उभा होता. बाभूळ अजून आहे, आमची उडी अर्धी गेलीय. काका म्हणाले, ‘‘मला आता गेटवर ड्युटी. युनिफॉर्म मिळणारे.’’ खूश होते की नाही, कळलं नाही.

मी रिमोट त्यांच्या हातात दिला. वर्षभर नको-नको म्हणत होते, या वेळी घेतला. उरलेल्या उंचवट्यावरून त्यांनी गाडी काढली. जरा तिरकी उडाली, पण मागच्या चाकांवर आली आणि सरळ निघाली.

‘‘बसली,’’ काका म्हणाले.

तुम्हालाही जायचंय?

जागा: रिकामा प्लॉटही कुणाचा तरी असतोच. आधी विचारा.
वेळ: सकाळी नऊच्या आत. नंतर ऊन आणि टँकर.
सोबत: पाणी, चिमटा, जास्तीच्या ई-क्लिपा.
मार्च ते पावसाळा: आधी पायी एक चक्कर मारा. टिटवी ओरडली, तर तो रविवार तिचा.
आणि हो, नवा माळ सापडला तर आम्हाला सांगा. तेल बदलून येतो!